ठसका थांबला, वस्तू आतच राहिली: मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत काही गेलं तर काय करायचं, कोणत्या क्रमाने

लहान मुलाने शेंगदाणा नाकात किंवा घशात घातला की अख्खी चाळ धावते. मोठ्या माणसाला ठसका लागला की आपण म्हणतो, "कुणीतरी आठवण काढतंय." पाण्याचा घोट देतो, टाळूवर थापट्या मारतो, "वर बघ, वर बघ" म्हणतो. दोन मिनिटांत माणूस सावरतो आणि विषय संपतो.

बहुतेक वेळा तो खरंच संपलेला असतो. पण कधीकधी सुपारीचं खांड, मटणाच्या हाडाची कपची, दाताची कॅप, साडीची पिन किंवा सुताराने ओठांत धरलेला खिळा आत उतरलेला असतो, आणि पुढचे कित्येक महिने खोकल्याच्या बाटल्यांवर जातात. हा लेख त्या महिन्यांबद्दल आहे आणि ते कसे टाळायचे याबद्दल. एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: ठसक्याची हकीकत प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगायची. रिपोर्टांपेक्षा ती जास्त वेळा कामाला येते आणि नेमकी तीच गळते.

आधी दोन नळ्यांचा गोंधळ मिटवू

घशाखाली दोन वाटा आहेत, मागे अन्ननलिका आणि पुढे श्वासनलिका. बोंबील-मांदेलीचा काटा टोचतो तो बहुधा घशात किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी. गिळताना टोचतं, बोट ठेवून जागा दाखवता येते. केळं आणि कोरड्या भाताचा गोळा हे घरगुती उपाय त्या काट्यासाठीच सांगतात. तिथेही डॉक्टर ते करू नका म्हणतात, कारण काटा आणखी रुततो.

श्वासनलिकेत गेलेल्या वस्तूवर केळ्याचा काहीच परिणाम नाही, कारण केळं त्या वाटेने जातच नाही. तिथली खूण वेगळी: गिळायला त्रास नाही, पण अचानक खोकल्याची उबळ, श्वासाला शिटीसारखा आवाज, आणि नंतर न सुटणारा खोकला.

टप्पा १: अडकल्याक्षणी

पहिला प्रश्न: माणूस खोकू शकतोय का, बोलू शकतोय का?

खोकत असेल तर खोकू द्या. त्याच्या स्वतःच्या खोकल्याइतका जोर बाहेरून कुणालाच लावता येत नाही. पुढे वाकवा, जवळ उभे राहा, पाणी देऊ नका, पाठ चोळू नका. "वर बघ" तर अजिबात नको. मान मागे गेली की वस्तूला खाली उतरायला सरळ वाट मिळते.

आवाज फुटत नसेल, खोकल्याला जोर नसेल, हात गळ्याकडे गेले असतील, तर वाट पूर्ण बंद आहे. आता क्रम असा:

१. एकाने १०८ला फोन लावायचा. दुसऱ्याने फोनसाठी थांबायचं नाही.

२. माणसाला कमरेतून पुढे वाकवा. एका हाताने छातीला आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये ५ जोरदार धक्के द्या. सरळ उभ्या माणसाच्या पाठीवर धपाटे घालायचे नाहीत.

३. सुटलं नाही तर मागे उभे राहा, दोन्ही हातांनी पोटाला विळखा घाला, मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, आणि आत व वरच्या दिशेने ५ झटके द्या. गरोदर बाई असेल, किंवा पोटाला विळखा बसत नसेल, तर हेच झटके छातीच्या हाडाच्या मध्यावर द्या.

४. पुन्हा ५ आणि ५, वस्तू निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत.

५. बेशुद्ध झाला तर जमिनीवर उताणा निजवा आणि सीपीआर सुरू करा: छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात डोकवा. वस्तू दिसली तरच काढा.

*सावधान: न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट फिरवू नका. आपणच ती आत ढकलतो.*

चालत्या लोकलमध्ये चणे-शेंगदाणे खाताना हे घडलं, तर जे करायचं ते डब्यातच सुरू करा. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढून गाडी उभी केलीत तर मदत दूरच राहते. पुढच्या स्टेशनात उतरवा आणि एकाला स्टेशन मास्तरांकडे पिटाळा.

घरी एकटेच असाल तर खुर्चीच्या पाठीवर पोटाचा वरचा भाग टेकवून अंगाचा भार झोकून द्या.

पोटावर झटके दिले असतील तर माणूस बरा दिसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. आतल्या अवयवांना मार लागलेला असू शकतो.

टप्पा २: ठसका थांबल्यानंतरचा पहिला तास

खरी चूक इथे होते. श्वासनलिका खाली दोन फुफ्फुसांसाठी दोन फांद्यांत फुटते. वस्तू मोठ्या नळीतून सरकून एका बाजूच्या फांदीत बसली की खोकला शांत होतो, श्वास मोकळा वाटतो. घरचे म्हणतात, "गेलं वाटतं खाली." खाली गेलंय हे खरं, पण पोटात की फुफ्फुसात?

उजवी फांदी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते. म्हणून वस्तू बहुधा उजवीकडे, खालच्या भागात जाऊन बसते. एका फांदीपुरता अडथळा असेल तर बाकीचं फुफ्फुस काम चालवून नेतं. ही शांतता काही तास टिकते तशीच काही महिनेही टिकते.

त्यामुळे लगेच, जेवणाचं ताट उचलण्याआधी:

*इथे तपासा:*
- वस्तू बाहेर पडली का? दिसली का? "पडली असेल" हे उत्तर धरायचं नाही.
- अख्खी बाहेर आली की तुकडा? कॅप, कवळी, पिन असेल तर उरलेले भाग जुळवून बघा.
- आवाज बसलाय का? श्वास सोडताना बारीक शिटी वाजते का?
- छातीत एकाच बाजूला काही अडल्यासारखं वाटतंय का?

मग कागदावर चार ओळी लिहा: तारीख आणि वेळ, काय खात होतो किंवा तोंडात काय होतं, उबळ किती वेळ चालली, शेवटचं खाणं-पिणं कधी झालं. तशीच दुसरी वस्तू घरात असेल (त्याच डब्यातली पिन, त्याच सुपारीचं खांड, त्याच पाकिटातली गोळी) तर छोट्या पिशवीत घालून सोबत घ्या. दुर्बिणीतून (श्वासनलिकेत घालून आत बघायची नळी, ब्रॉन्कोस्कोप) वस्तू काढणाऱ्याला आकार आणि टोक आधी कळलं तर चिमटा कोणता घ्यायचा हे ठरवता येतं. मला हा सगळ्यांत उपयोगी सल्ला वाटतो आणि तो कुणीच देत नाही.

वस्तू सापडली नाही, किंवा वरच्यापैकी एका जरी प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी निघायचं. "उद्या सकाळी बघू" चालत नाही अशा दोन गोष्टी खास लक्षात ठेवा. एक, बटणासारखी बॅटरी. दुसरी, लोहाची गोळी. रक्तवाढीची ही साधी गोळी श्वासनलिकेत विरघळली तर आतल्या अस्तराला भाजल्यासारखी जखम करते, नळी आक्रसते आणि एक्स-रेत शोधायला काही उरत नाही. वयस्कर माणसाला गोळी घेताना जोराचा ठसका लागला आणि गोळी कोणती ते ठाऊक असेल, तर पाकीटच उचलून निघा.

*सावधान: वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. पालथं घालून पाठ थोपटू नका, वाफ देऊन "कफ सुटतो का" बघू नका. एका फांदीत स्थिर बसलेली वस्तू उसळून मुख्य नळीत आली तर दोन्ही फुफ्फुसांची वाट बंद होते.*

टप्पा ३: जायचं कुठे

नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊन खोकल्याचं औषध आणणं हा वेळेचा अपव्यय आहे. जिथे श्वासनलिकेची दुर्बीण, भूलतज्ज्ञ आणि छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर एका छताखाली आहेत, तिथे जायचं. मुंबईत परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर, भायखळ्याचं जे. जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. मोठ्या खासगी रुग्णालयांत जाणार असाल तर आधी फोन करून एवढंच विचारा: "श्वासनलिकेतली वस्तू काढायला ताठ आणि लवचीक दोन्ही दुर्बिणी आहेत का? आत्ता कुणी आहे का?"

धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, थुंकीतून रक्त येत असेल तर ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं नाही, थेट अपघात विभागात शिरायचं. केस पेपर काढायला दुसऱ्याला पाठवा.

आणि पहिलं वाक्य "खोकला आहे" असं नको. "दुपारी दीड वाजता सुपारी खाताना ठसका लागला, खांड सापडलं नाही" असं सांगा. खोकला म्हटलं की तुम्ही खोकल्याच्या रांगेत जाता आणि तिथून परत फिरणं कठीण असतं.

टप्पा ४: एक्स-रे, आणि त्याच्यावर किती विसंबायचं

पहिला एक्स-रे छातीचा: समोरून आणि बाजूने. दाताची कॅप किंवा पिन हरवली असेल तर पोटाचाही, म्हणजे गिळली की ओढली गेली ते कळतं.

पिन, खिळा, धातूची कॅप लगेच दिसते. पण सुपारी, शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, प्लास्टिक दिसत नाही. सगळ्यांत फसवी कवळी. ती ज्या अ‍ॅक्रिलिकची बनते ते एक्स-रेत पारदर्शक असतं. हाडाची बारीक कपची कधी दिसते, कधी बरगडीच्या सावलीत लपते. म्हणून "एक्स-रे क्लिअर आहे" याचा अर्थ "वस्तू नाही" असा होत नाही. "एक्स-रेत दिसत नाही" एवढाच होतो.

अनुभवी डॉक्टर अशा वेळी वस्तू शोधत नाहीत, तिचा परिणाम शोधतात. अर्धवट अडथळा असेल तर हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, आणि तो भाग फुगलेला राहतो. श्वास पूर्ण सोडून काढलेल्या एक्स-रेत हा फरक उठून दिसतो. अडथळा पूर्ण असेल तर पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग मिटतो.

हकीकत पक्की आणि एक्स-रे स्वच्छ, अशी जोडी असेल तर पुढची पायरी सीटी स्कॅन. सीटीच्या चिठ्ठीवर "श्वासनलिकेत वस्तू गेल्याची शंका" हे शब्द आहेत ना, ते बघून घ्या. नुसतं "खोकला" लिहिलेल्या चिठ्ठीवर नळीतला दोन मिलिमीटरचा ठिपका कफ म्हणून सोडून दिला जाऊ शकतो. सीटीही संशयाला पुरी पडली नाही तर शेवटचं उत्तर दुर्बिणीचंच.

टप्पा ५: आठवडे-महिने उलटून गेले असतील तर

लेख वाचणाऱ्यांतले बरेच जण इथे असतील, म्हणून इथे जरा थांबतो.

वस्तूच्या मागे कफ तुंबतो. गटार तुंबल्यावर जे होतं तेच. तुंबलेल्या कफात जंतू वाढतात, न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने उतरतो, कारण जंतू मरतात. वस्तू तिथेच असल्याने पुन्हा होतो, आणि त्याच जागी होतो. दुर्लक्ष झालं तर तिथे पू साचून गळू होतं, थुंकीला घाण वास येतो. पू फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात उतरला तर छातीत नळी घालावी लागते. हरभरा-वाटाणा ओलावा शोषून फुगतात. शेंगदाण्याच्या तेलाने अस्तराचा दाह होतो. वस्तूभोवती लालसर मांस वाढतं, ते सहज रक्ताळतं, आणि वस्तूलाच झाकून टाकतं. दुर्बिणीतून हे मांस कॅन्सरच्या गाठीसारखं दिसू शकतं. घाबरून जाण्याआधी त्या मांसाच्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट येऊ द्या. खूप काळ गेला तर पलीकडच्या नळ्या कायमच्या सैल आणि रुंद होतात. मग वस्तू काढली तरी कफाचा त्रास उरतो. टोकदार वस्तू फुफ्फुसाला भोक पाडून छातीत हवा भरू शकते.

माझ्या मोठ्या मामांचं सांगतो. भांडुपला राहतात. एका लग्नाच्या पंगतीनंतर गप्पा मारत सुपारी चघळताना जोराचा ठसका लागला, थांबला. महिन्याभराने खोकला. दमा म्हणून पंप मिळाला. मग ताप आला, एक्स-रेत उजवीकडे खाली डाग दिसला, थुंकीत काही न सापडताही क्षयाची औषधं सुरू झाली. पाचव्या महिन्यात एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "जेवताना कधी जोरात ठसका लागला होता?" उत्तर मामांनी नाही, मामींनी दिलं. मामा तर विसरूनच गेले होते.

कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. मुंबईत खोकला, ताप आणि डाग म्हटलं की आधी क्षय आठवतो आणि ते चूकही नाही. पण खालच्यापैकी दोन गोष्टी जुळत असतील तर डॉक्टरांसमोर वस्तूची शक्यता काढाच:

*इथे तपासा:*
- खोकला हळूहळू वाढला नाही, एका ठरावीक दिवशी सुरू झाला.
- न्यूमोनिया दर वेळी फुफ्फुसाच्या त्याच भागात.
- औषध चालू तोवर बरं, बंद केलं की परत.
- शिटी एकाच बाजूला ऐकू येते, पंपाने फरक नाही.
- क्षयासाठी थुंकीची जनुकीय तपासणी (सीबीनॅट किंवा ट्रूनॅट) निगेटिव्ह, आणि डाग उजवीकडे खाली. मोठ्या माणसाचा फुफ्फुसाचा क्षय बहुधा वरच्या भागात असतो. मधुमेह असेल तर मात्र खालीही दिसतो.
- मधल्या काळात दाताचं काम, भूल, फीट, अर्धांगवायू किंवा दारू पिऊन झोप लागणं यांपैकी काही घडलंय. अशा वेळी वस्तू आत गेल्याचं माणसाला कळतही नाही. कवळी "कुठेतरी हरवली" हे घरात कुणी बोललं होतं का, तेही आठवा.

*सावधान: हे वाचून क्षयाची औषधं स्वतः बंद करू नका. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. सीटी आणि दुर्बीण मागा, निर्णय डॉक्टरांचा.*

भेटीला जाताना पत्नी, मुलगा, सून, जे जेवायला शेजारी असतात त्यांच्यापैकी एकाला न्या. सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून घ्या, नवीनतम वर. रिपोर्टचा कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडी लागते.

टप्पा ६: दुर्बिणीची तयारी

मोठ्या माणसांत बहुतेक वस्तू लवचीक दुर्बिणीने निघतात. घसा बधिर करून, गुंगीचं औषध देऊन. मोठी, धारदार किंवा घट्ट रुतलेली वस्तू असेल तर पूर्ण भूल देऊन ताठ नळीची दुर्बीण. आत चिमटा, जाळी, फुगा वापरतात. ओलावा असलेला अन्नाचा तुकडा गोठवून चिकटवून काढण्याचीही सोय असते, पण खिळ्याला ती उपयोगी नाही. ऑपरेशन क्वचितच करावं लागतं.

क्रम:

१. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत नावानिशी सांगा. स्वतः बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ते दुप्पट महत्त्वाचं.

२. ठरवून होत असेल तर आधी ६ तास काही खायचं नाही. साधं पाणी २ तास आधीपर्यंत, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, ते अन्न आहे. सकाळी "नुसता कटिंग" घेतला म्हणून तारीख पुढे जाते.

३. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हे आदल्या दिवशी विचारा.

४. कवळी काढून ठेवा. हलणारा दात दाखवून ठेवा. एक काढायला जाऊन दुसरा आत पडायला नको.

५. संमतीपत्रावर सही करताना विचारा: लवचीक दुर्बिणीने जमलं नाही तर त्याच वेळी ताठ दुर्बीण लावणार का? एक भूल, एक दिवस वाचतो.

टप्पा ७: वस्तू निघाल्यावर

घसा बधिर असताना दिलेला पाण्याचा घोट पुन्हा श्वासनलिकेतच जाईल. साधारण दोन तास काही नाही. मग बसवून एक घोट साधं पाणी. ठसका नाही लागला तर पुढे पातळ, मग जेवण. नातेवाईक प्रेमाने शहाळं घेऊन उभे असतात, त्यांना थांबवणं हे सोबत आलेल्याचं काम.

थुंकीत रक्ताची रेघ, घसा दुखणं, त्या रात्री थोडी कणकण, हे चालतं. चमचाभर किंवा जास्त रक्त, छातीत अचानक कळ, वाढती धाप, दुसऱ्या दिवशीही चढता ताप असेल तर लगेच परत जा.

घरी जाण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. वस्तू अख्खी निघाली का? आजूबाजूच्या मांसाचा तुकडा आणि कफ तपासायला पाठवला का? पुढचा एक्स-रे कधी? साधारण ४ ते ६ आठवड्यांनी तो काढतात, मिटलेला भाग उघडला का ते बघायला. खोकला गेला म्हणून हा एक्स-रे चुकवतात. नळ्या कायमच्या रुंद झाल्या असतील तर ते याच वेळी कळतं आणि कफ काढण्याचे व्यायाम सुरू होतात. वस्तू आत असताना जे करायचं नव्हतं, ते आता करायचं.

शेवटचं काम राहून जातं: ती आत गेलीच का? पिन-खिळे तोंडात धरण्याची सवय असेल तर बांगडीसारखं मनगटी लोहचुंबक शिलाई-सुतारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. कवळी सैल असेल तर दंतवैद्याकडून बसवून घ्या आणि रात्री काढून ठेवा. पण अर्धांगवायू किंवा पार्किन्सन असलेल्या माणसाला पाण्यानेही वारंवार ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. ती वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घशाच्या विभागात चौकशी करा. गोळ्या कुटून द्यायच्या की नाही हेही तिथेच विचारा, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

मामांचं खांड डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिलं होतं. मामींनी ते अडकित्त्याशेजारी ठेवलंय. अडकित्ता अजून वापरात आहे. मामा आता सुपारी खाताना बोलत नाहीत, एवढाच फरक.